‘अ‍ॅक्सेंट सॉफ्टनिंग’चे ब्रिटिश वर्ग: काय घ्यावं, काय सोडावं

बोलण्याची ढब सौम्य करून देणाऱ्या या वर्गांचा सगळा भर स्वरांवर, आणि घोळ तिथेच होतो. उत्तर इंग्लंडमधल्या माणसाचं ‘लुव्ह’ घासूनपुसून ‘लव्ह’ केलं, की त्याच ओघात ‘बुचर’चंही चुकून ‘बचर’ होतं. ऐकणारा तेवढंच पकडतो. ‘बाथ’चा ‘बाऽथ’ करण्यातही हाच धोका.

वेग आणि ‘वॉटर’मधला गिळलेला ‘ट’ यांचा सराव मात्र जरूर घ्या. मुलाखतीत तोच कामी येतो.

ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्यात बोलण्याच्या ढबीला स्वतंत्र संरक्षण नाही, म्हणून या वर्गांकडून भीती विकली जाते. बर्मिंगहॅमच्या ढबीवरून माणसाला ‘मंद’ ठरवणं हा ऐकणाऱ्याचा दोष. १९४१मध्ये विल्फ्रेड पिकल्स बीबीसीवर यॉर्कशरी ढबीतच बातम्या वाचत होते! ढब पुसण्याची हमी देणाऱ्या वर्गाला पैसे देऊ नका.