जुन्या एचपी मीटरला लॅपटॉप जोडला, त्याला आठ महिने झाले

आमचं काम इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्तीचं. सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडती आणि कुपवाड एमआयडीसीतले कारखाने हे आमचं गिऱ्हाईक. टेबलावर साडेपाच अंकी एचपी ३४७८ए मल्टिमीटर आहे, १९८० च्या दशकातला. पाठीमागे एचपी-आयबीचं २४ पिनांचं सॉकेट, म्हणजे मोजमापाची उपकरणं कॉम्प्युटरला जोडायची, १९७५ साली आयईईई-४८८ म्हणून प्रमाणित झालेली जोडणी. तयार यूएसबी अडॅप्टर मला मीटरपेक्षाही महाग पडत होता. म्हणून जूनमध्ये आर्डुइनो नॅनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डावर एआर४८८ हे मोफत फर्मवेअर (बोर्डाला अडॅप्टर बनवणारा प्रोग्रॅम) टाकलं आणि ८ डेटाच्या, ३ हँडशेकच्या, ५ नियंत्रणाच्या अशा १६ तारा व ग्राउंड स्वतः जोडली.

हा मीटर असेल तर सगळ्यात आधी एकच काम करा: कॅलिब्रेशन, म्हणजे मीटर अचूक दाखवावा म्हणून साठवलेले दुरुस्तीचे आकडे, वाचून ठेवा. ते आत २५६ जागांच्या रॅममध्ये असतं आणि ती रॅम ३ व्होल्टच्या लिथियम सेलवर जगते. सेल संपला की कॅलिब्रेशन गेलं. मॅन्युअलमध्ये नसलेली ‘डब्ल्यू’ कमांड आणि पुढे पत्त्याचा एक बाइट पाठवला की एकेक जागा वाचता येते. मी इथेच दोन दिवस अडकलो. १०, १३, २७ आणि ४३ हे पत्ते नॅनोचा अडॅप्टर स्वतःसाठीच्या सूचना समजतो, त्यांच्याआधी २७ हा बाइट पाठवावा लागतो. फाइल हातात आल्यावरच सेल बदलला, तोही बाहेरून ३ व्होल्ट देऊन. नंतर पुन्हा वाचलं, २५६ च्या २५६ जागा जुळल्या. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

रोजच्या कामातला खरा फायदा ऑगस्टमध्ये कळला. एका अडतीतल्या काट्याचं शून्य रात्री सरकायचं आणि दुपारी दुकानात आणला की सगळं ठीक. त्याचा ५०० किलोचा लोडसेल (वजनाचं व्होल्टेज करणारा सेन्सर) ५ व्होल्टवर पूर्ण वजनाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे किलोला २० मायक्रोव्होल्ट. ३० मिलिव्होल्टच्या रेंजवर मीटर ०.१ मायक्रोव्होल्ट दाखवतो, म्हणजे ५ ग्रॅम. ‘एफ१ आर-२ एन५ टी१’ ही मीटरच्या सेटिंगची कमांड पाठवून दर १० सेकंदांनी रात्रभर नोंद घेतली. पंखा बंद ठेवला, कारण वाऱ्याने क्लिपांचं तापमान बदललं तरी मायक्रोव्होल्ट हलतात. पहाटेपर्यंत शून्य ६० मायक्रोव्होल्ट वर गेलं होतं, तीन किलो! ब्रिज (लोडसेलमधलं रेझिस्टरचं सर्किट) आणि सेलची बॉडी यांच्यामध्ये ४ मेगओहम निघाले. चांगला लोडसेल या मीटरच्या सगळ्यात मोठ्या, ३० मेगओहमच्या रेंजच्याही पार बाहेर जायला हवा. केबल जिथे आत शिरते तिथून पावसाळी ओल गेली होती. मीटरसमोर बसून हे कधीच सापडलं नसतं.

त्रासही आहे. लॅपटॉपवर प्रोग्रॅमने यूएसबी पोर्ट उघडला की नॅनो रीसेट होतो. रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकल्यावर थांबला. (फर्मवेअर टाकताना मात्र तो काढावा लागतो.) लाईट जाऊन आली की मीटर थेट डीसी व्होल्टवर येतो. एकदा ओहम मोजायला लावलं होतं आणि सकाळी फाइलमध्ये अर्ध्यापुढे व्होल्ट. आता उत्तर अडकलं की प्रोग्रॅम सगळ्या कमांड पुन्हा पाठवतो. आणि लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग करायला विसरू नका.

एका मीटरला नॅनो थेट जोडलेला चालतो. बसवर, म्हणजे याच सामाईक तारांवर, आणखी उपकरणं टाकायची तर एसएन७५१६० आणि एसएन७५१६१ या बफर चिप मध्ये हव्यात. मी त्या मागवल्यात, फंक्शन जनरेटर त्यानंतरच जोडेन.