रोज चार अध्याय की रोज एक? शास्त्रवाचनाच्या दोन क्रमांचा तुलनात्मक आढावा

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, अध्यायामागून अध्याय वाचायचे आणि रोज त्यावर मनन करायचे, असे ज्यांनी ठरवले आहे त्यांच्यापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. वर्षभरात सगळे शास्त्र पुरे करणारा, रोज चार अध्यायांचा तारीखवार क्रम ही त्यांतली पहिली, आणि एकच पुस्तक हाती धरून रोज एक अध्याय वाचायचा व त्यावर चार ओळी वहीत लिहायच्या, ही दुसरी. मी दोन्ही क्रमांनी बराच काळ वाचन केले असून आता एकावर स्थिरावलो आहे. तो कोणता हे पुढे उघड होईलच. मात्र दुसऱ्या क्रमाने माझे काही वाईट केलेले नाही, उलट पुष्कळ दिले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

तिसरा पर्याय म्हणजे छापील दैनिक मननाची पुस्तिका : एक वचन, त्याखाली पानभर विचार आणि शेवटी प्रार्थना. ही परंपरा जुनी व आदरणीय आहे. जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन मंडळीने (चर्चने) १७२८ मध्ये रोजच्या दिवसासाठी एक वचन देण्याचा प्रघात सुरू केला आणि १७३१ पासून ती वचने पुस्तकरूपाने छापली जाऊ लागली. आजारपणात, प्रवासात किंवा घरात लहान मूल असताना अशी पुस्तिका मोठा आधार देते, आणि त्या काळात तिच्याकडेच वळावे असे मी म्हणेन. तरीही अध्यायवार वाचनाची जागा ती घेऊ शकेल असे मला वाटत नाही, कारण एकट्या वचनावरून ते कोण बोलत आहे हे कळत नाही. ईयोब ८ मधील ‘आरंभ लहान असला तरी शेवट मोठा होईल’ अशा आशयाचे वचन नव्या दुकानाच्या उद्घाटनाला, नव्या घराच्या भिंतीवर आणि भेटकार्डांवर आपण पाहतो. ते ईयोबाचा मित्र बिल्दद याच्या तोंडचे आहे. आणि तीनच वचने आधी, मुलांच्या शोकात बसलेल्या ईयोबाला त्याने सांगितले आहे की तुझ्या मुलांनी पाप केले म्हणून त्यांना त्याचे फळ मिळाले. शेवटी बेचाळिसाव्या अध्यायात देव या मित्रांना म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. ईयोबाचे पुस्तक रोज एक अध्याय असे वाचणाऱ्याला हा निवाडा ऐकायला सहा आठवडे लागतात, आणि तोवर मित्रांची अनेक वाक्ये त्याला स्वतःलाही पटलेली असतात. म्हणूनच तो निवाडा त्याला लागतो.

आता मुख्य तुलनेकडे येतो. चार अध्यायांचा जो क्रम आज सर्वांत अधिक वापरला जातो तो स्कॉटलंडमधील डंडी शहराच्या सेंट पीटर्स मंडळीचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी आखला. पुढच्याच वर्षी, एकोणतिसाव्या वर्षी, ते प्रभूकडे गेले. या क्रमाने वर्षात नवा करार आणि स्तोत्रसंहिता दोनदा, तर जुन्या कराराचा उरलेला भाग एकदा वाचून होतो. शास्त्राचे एकूण अध्याय १,१८९. त्यांत नव्या कराराचे २६० आणि स्तोत्रांचे १५० दुसऱ्यांदा मिळवले की १,५९९ होतात, म्हणजे रोज चारांहून थोडे अधिकच. दोन अध्याय कुटुंबाच्या उपासनेसाठी आणि दोन एकांतासाठी, अशी त्यांची वाटणी होती.

या क्रमाची बाजू कोणीही सहज झटकून टाकू नये. पहिल्याच दिवसापासून वाचकाच्या हाती उत्पत्तीही असते आणि मत्तयही, त्यामुळे निर्गमाच्या उत्तरार्धात निवासमंडपाच्या फळ्या, अडसर व आकडे मोजत असताना तो प्रभूच्या शुभवर्तमानापासून दूर जात नाही. करारांचे परस्परांशी असलेले नाते न शोधता सापडते. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मॅकशेन यांनीच सांगितलेला लाभ : सगळी मंडळी एकाच दिवशी एकच अध्याय वाचत असली की आपला कळप आज कोणत्या कुरणात चरत आहे हे पाळकाला ठाऊक असते. आमच्या ओळखीच्या काही कुटुंबांनी मिळून हा क्रम धरला होता तेव्हा रविवारी उपासना सुटल्यावर अंगणात ‘बुधवारचा अध्याय कसा वाटला?’ असे सहज विचारले जाई. रोज एक अध्याय वाचणारा प्रत्येक जण आपापल्या पुस्तकात असतो. त्याला हा सहवास आपोआप लाभत नाही.

वाचन मागे पडण्याची अडचण सर्वजण सांगतात. गावी मयताला गेलो, घरी कोणी आजारी पडले की तारखा पुढे निघून जातात आणि मग एकाच बैठकीत अध्यायांची थकबाकी फेडावी लागते. मॅकशेन यांनी स्वतःही आपल्या क्रमातले धोके मोकळेपणाने नोंदवले होते : वाचन उपचारापुरते उरेल, स्वतःच्या धार्मिकतेचा अभिमान चढेल, लक्ष न देता वाचले जाईल, आणि काहींना ते जड जोखड होईल. हे धोके खरेच आहेत. परंतु थकबाकीमुळे मी हा क्रम सोडला नाही. ती भरून काढता येते, किंवा प्रभूचे आभार मानून सोडूनही देता येते.

मला सलत राहिले ते वेगळेच. चार अध्याय समोर असले की मनन आपोआप सर्वांत सोप्या अध्यायाकडे धाव घेते. रोजच्या चारांत एखादा अध्याय तरी असा असतोच की जो वाचताक्षणी मनाला भिडतो : एखादा दाखला, एखादे स्तोत्र, पौलाच्या पत्रातला एखादा उतारा. मन तिथे थांबते, प्रार्थना तिथून निघते, वहीत त्याचीच नोंद होते. उरलेले तीन वाचून होतात, त्यांच्यापुढे खूणही होते, पण त्यांच्यासमोर बसून राहण्याची वेळ कधी येत नाही. वर्षाच्या शेवटी माझ्या वहीची पाने उलटून पाहिली तेव्हा शुभवर्तमाने, स्तोत्रे आणि पत्रे यांवर पानेच्या पाने भरलेली होती; गणना, इतिहास, एज्रा, यहेज्केल यांच्या वाट्याला तुरळक ओळी आल्या होत्या. शास्त्र सगळे वाचले होते, मनन मात्र त्याच्या थोड्याशाच भागावर झाले होते.

दोन जानेवारीचे उदाहरण घेऊ. त्या दिवशी उत्पत्ती २, मत्तय २, एज्रा २ आणि प्रेषितांची कृत्ये २ असे चार अध्याय येतात, मिळून १६५ वचने. एका अध्यायात एदेन बाग, दुसऱ्यात पूर्वेकडून आलेले मागी (ज्ञानी) लोक आणि हेरोद राजाची क्रूरता, चौथ्यात पवित्र आत्मा उतरला तो पेंटेकॉस्टचा दिवस. या तिघांच्या मध्ये एज्रा २ ची सत्तर वचने आहेत : बाबेलच्या बंदिवासातून कोण कोण परतले त्यांची यादी, घराण्यागणिक आकड्यांसह. त्या दिवशी एज्रा २ वर मनन करणारा वाचक मला तरी अजून भेटलेला नाही, आणि त्यात कोणाचा दोष आहे असेही मी म्हणणार नाही.

पुढे रोज एक अध्याय या रीतीने एज्राचे पुस्तक हाती घेतले तेव्हा दुसऱ्या दिवशी समोर ही यादीच होती आणि पळून जायला दुसरा अध्याय नव्हता. मग नावे सावकाश वाचली. एक्केचाळिसाव्या वचनात गाणाऱ्यांची नोंद आहे : आसाफाचे वंशज, १२८. बासष्टाव्या वचनात अशी काही याजक घराणी आहेत की ज्यांनी आपली वंशावळ शोधली, पण ती सापडली नाही, म्हणून त्यांना याजकपणातून वगळण्यात आले. ती माणसे तरीही बाकीच्यांबरोबर यरुशलेमेकडे परतली होती. दुसऱ्या दिवशी तिसरा अध्याय उघडला. मंदिराचा पाया घातला जात आहे, आणि झांजा घेऊन स्तवन करायला जे उभे आहेत ते आसाफाचेच वंशज आहेत. आदल्या दिवशी जे आकड्यात होते ते आता गात होते. पहिले मंदिर डोळ्यांनी पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडतात, इतर पुष्कळ जण हर्षाने गजर करतात, आणि रडणे कोणते व गजर कोणता हे लोकांना वेगळे ओळखता येत नाही. हा तिसरा अध्याय मी चार अध्यायांच्या क्रमातही वाचला होता आणि तेव्हाही तो आवडला होता. पण ते गाणारे कोण, कुठून चालत आले, हे तेव्हा माझ्याबरोबर नव्हते.

लेवीय १३ बाबत असेच झाले. चार अध्यायांच्या क्रमात हा भाग एप्रिलच्या आरंभी येतो आणि त्याच्या सोबतीला स्तोत्रे, नीतिसूत्रे व पौलाची पत्रे असतात. साहजिकच त्वचेवरील चट्ट्यांच्या एकोणसाठ वचनांकडे कोण थांबणार? घरच्या उपासनेत आम्ही तो एकटा वाचला तेव्हा पुष्कळ वर्षे परिचारिका म्हणून काम केलेली आमची आई मध्येच म्हणाली, “बघ, संशय आला तर लगेच अशुद्ध ठरवत नाहीत. सात दिवस थांबतात, पुन्हा तपासतात, आणखी सात दिवस थांबतात.” त्या संध्याकाळचे मनन तेच झाले. आणि दुसऱ्या दिवशी चौदाव्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनाशी ती पुन्हा थांबली, कारण तिथे याजक छावणीच्या बाहेर जाऊन त्या माणसाला पाहतो. मार्कच्या पहिल्या अध्यायात प्रभू त्या कुष्ठरोग्याला हात लावून बरे करतो आणि मग याजकाकडे पाठवतो, तो प्रसंग आमच्या घरात तेव्हापासून निराळ्या रीतीने वाचला जातो.

रोज एका अध्यायाच्या क्रमात उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. वेळ हे त्यांतले पहिले. १,१८९ अध्यायांना सव्वातीन वर्षे लागतात, आणि उत्पत्तीपासून सरळ निघाल्यास मत्तयापर्यंत पोहोचायला अडीच वर्षे जातात. ख्रिस्ती माणसाने अडीच वर्षे शुभवर्तमानाविना राहावे असे कोणीच सुचवणार नाही; म्हणून जुन्या करारातील एक पुस्तक संपले की नव्यातील एक, असे आलटून पालटून घ्यावे. दुसरी उणीव अध्यायांच्या विभागणीतच आहे. ही विभागणी मूळ लेखकांची नव्हे. आज आपण वापरतो ती तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन यांनी केल्याचे मानले जाते, आणि ती सर्वत्र सारखी नेमकी नाही. प्रेषितांची कृत्ये २१ च्या शेवटी पौल पायऱ्यांवर उभा राहून हाताने खुणावतो, लोक शांत होतात, तो बोलू लागतो, आणि अध्याय संपतो. भाषण बाविसाव्यात आहे. यशया ५३ चा खरा आरंभ ५२ च्या तेराव्या वचनापासून होतो. अशा ठिकाणी आकड्याचा आग्रह न धरता प्रसंग संपेपर्यंत वाचावे. स्तोत्र ११९ ची १७६ वचने एका दिवसात उरकण्यातही अर्थ नाही. त्याचे आठ आठ वचनांचे बावीस भाग आहेत, ते बावीस दिवसांत घेतले तर मनन होते. स्तोत्र ११७ दोनच वचनांचे आहे; त्या दिवशी ते पाठ करावे.

तिसरी उणीव म्हणजे कोरडे दिवस. गणना ७ मध्ये बारा सरदारांची एकसारखी अर्पणे बारा वेळा मोजलेली आहेत, आणि त्या दिवशी दुसरे काही हाताशी नसते. लिहायला काही सुचले नाही तर मी एक वचन तसेच उतरवून ठेवतो आणि प्रार्थना करतो. चार अध्यायांच्या क्रमात असा दिवस क्वचितच येतो, आणि ज्यांना रोज काहीतरी उभारी देणारे हाती लागणे आवश्यक आहे, विशेषतः दुःखाच्या काळात, त्यांनी या गोष्टीचा विचार जरूर करावा.

ज्यांनी संपूर्ण शास्त्र एकदाही वाचलेले नाही त्यांनी, माझ्या मते, एक वर्ष चार अध्यायांच्या क्रमाला द्यावे. सगळा प्रदेश एकदा नजरेखालून गेलेला असणे पुढे फार उपयोगी पडते. ज्यांचे कुटुंब किंवा मंडळीतला गट एकत्र वाचणार आहे त्यांनाही तोच सोयीचा ठरेल. परंतु एकदा सगळे वाचून झाले असेल आणि आता मननाची ओढ असेल, तर रोज एक अध्याय हाच क्रम घ्यावा असे मी नम्रपणे सुचवेन. आरंभ उत्पत्तीपासूनच करायला हवा असे नाही. मार्कचे सोळा अध्याय, मग रूथचे चार, मग पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र आणि नंतर उत्पत्ती, असे केल्यास हात बसतो.

आणि ज्यांनी जानेवारीत चार अध्यायांचा क्रम धरला आहे, पण मार्चपर्यंत ज्यांची दमछाक झाली आहे, त्यांनी तो टाकून न देता त्याची मूळ वाटणी वापरावी. कुटुंबासाठी नेमलेले दोन अध्याय या वर्षी आणि एकांतासाठी नेमलेले दोन पुढच्या वर्षी, असे घेतले तर तोच क्रम दोन वर्षांत पुरा होतो. त्या दोन अध्यायांपैकी जो कठीण वाटेल त्याच्यावर मनन लिहावे, आणि सोपा मोठ्याने वाचावा.