लिंक्डइन की इन्स्टाग्राम: नाव कुठे कमवायचं?

मी इमारतींची गळती शोधून दुरुस्त करणारा सिव्हिल इंजिनिअर. दोन्हीकडे लिहितो, आणि दोन्हीकडचा वाचक वेगळा आहे हे रोज जाणवतं.

लिंक्डइन 2003 पासूनचं, मुळातच कामधंद्यासाठी निघालेलं. नोकरी देणारा बहुतेकदा आधी तेच उघडतो. म्हणून तिथली 220 अक्षरांची हेडलाइन, म्हणजे नावाखालची ओळ, मनापासून लिहा. ‘पॅशनेट प्रोफेशनल’मधून काहीच कळत नाही; ‘जुन्या इमारतींची गळती शोधतो’ हे लगेच कळतं. पोस्टला 3000 अक्षरं मिळतात, त्यामुळे एखादं काम नीट उलगडून सांगता येतं. एकदा मी लिहिलं होतं, गच्चीवर पाणी कोंडून ठेवलं, खालच्या स्लॅबला ओल कुठे उमटली ते खडूने आखलं, आणि माझा पहिला अंदाज साफ चुकला. चूक कबूल केलेल्या त्या पोस्टवरूनच मला एका सल्लागाराचा फोन आला.

इन्स्टाग्रामवर कॅप्शन 2200 अक्षरांची, पण तिथे लोक वाचण्याआधी बघतात. काम करणारे हात दिसायला हवेत. फुगलेल्या प्लास्टरवर हातोडीने टकटक करून पोकळ आवाज ऐकवणारी रील थेट सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत पोहोचते. स्टोरी मात्र 24 तासांत जाते.

नोकरी बदलायची असेल तर माझं मत सरळ लिंक्डइनला. स्वतःची कामं मिळवायची असतील तर इन्स्टाग्राम. आणि कुठेही टाका, ग्राहकाच्या घरातला फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकू नका.