कलेच्या सहवासात मुक्काम: सेंट-पॉल-द-व्हान्स की सिसिली?

फ्रान्सच्या दक्षिणेला, नीसजवळच्या सेंट-पॉल-द-व्हान्स गावात ‘ला कोलोंब दोर’ हे हॉटेल आहे. पॉल रू यांनी 1920 मध्ये इथे साधं खानावळवजा ठिकाण सुरू केलं. चित्रकार मंडळी येत गेली, मैत्री जमली आणि भिंती भरत गेल्या. जेवणाच्या अंगणात चित्रकार फर्नां लेजेचं सिरॅमिकचं भित्तिचित्र, पोहण्याच्या तलावाशी शिल्पकार काल्डरचं ‘मोबाइल’, म्हणजे हलतं शिल्प. चित्रं पाहायची तर खोली घ्या, नाहीतर निदान जेवायला बसा. नुसतं डोकावायला गेलात तर दारातूनच परत. खिसा मात्र चांगलाच हलका होतो.

इटलीच्या सिसिली बेटावरच्या कास्तेल दी तूझा गावातलं हॉटेल ‘आतेलिए सुल मारे’ अगदी उलट. आंतोनिओ प्रेस्ती यांनी खोल्याच कलाकारांच्या हवाली केल्या. इथे चित्र भिंतीवर नसतं, तुम्हीच चित्रात झोपता. चिलीचे चित्रपट दिग्दर्शक राउल रुईस यांची खोली म्हणजे काळा गोल मनोरा, त्यात गोल पलंग. एक खोली इटालियन चित्रपट दिग्दर्शक पाझोलीनीला वाहिलेली आहे. सगळ्याच खोल्यांत सुखाची झोप लागेल असं नाही. कपडे अडकवायची सोय शोधणाऱ्यांनी साध्या खोल्या मागाव्यात, त्याही आहेत.

आसपासचं पाहायचं तर फ्रान्सकडे चालत जाण्याजोगं 1964 चं आधुनिक कलेचं संग्रहालय ‘फाउंडेशन माग’ आणि शेजारच्या व्हान्स गावातलं चित्रकार मातीसचं चॅपल. सिसिलीत ‘फिउमारा दार्ते’ या खुल्या शिल्पसंग्रहाची शिल्पं डोंगरदऱ्यांत विखुरलेली, तिथे गाडी हवीच.

आईवडील सोबत असतील तर फ्रान्स. माझं मन विचाराल तर सिसिली, समुद्राकडच्या खोलीत.