सिल्व्हेराडो 5.3 साठी मफलर: फ्लोमास्टर, मॅग्नाफ्लो की बोर्ला?

शेवरोले सिल्व्हेराडो 1500, 2007 ते 2013 ची, 5.3 लिटर व्ही-8. कंपनीचा मफलर इतका शांत आहे की बॉनेटखाली आठ सिलिंडर आहेत हे पटत नाही. म्हणून मफलर (आपल्याकडचा सायलेन्सर) बदलायची इच्छा होणं साहजिक आहे. फसगत होते ती पुढे. चावी फिरवल्यावर जो आवाज आवडला, तोच हायवेवर दोन तासांनी डोकं उठवतो. या गाडीला मफलर निवडायचा तो 1,800 आरपीएमला केबिनच्या आत काय ऐकू येतं ते बघून.

1,800 का? पासष्ट-सत्तर मैलांच्या वेगाला ही गाडी गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलच्या गुणोत्तरानुसार साधारण 1,600 ते 1,900 आरपीएमवर चालते. 1,800 म्हणजे सेकंदाला 30 फेरे. व्ही-8 मध्ये दर फेऱ्याला चार स्फोट, म्हणजे 120 हर्ट्झ. हा खर्ज केबिनमध्ये घुमतो आणि कानांना दडे बसतात. त्यात या इंजिनाला एएफएम (अ‍ॅक्टिव्ह फ्युएल मॅनेजमेंट) आहे. भार कमी असला की 1, 4, 6 आणि 7 हे सिलिंडर बंद पडतात आणि उरलेल्या चारांवर गाडी चालते. मग तोच आवाज 60 हर्ट्झवर उतरतो, आणि खरी घूं-घूं तिथे आहे. सहा गिअरची गाडी असेल तर लिव्हर ‘एम’मध्ये टाकून बघा. आठही सिलिंडर चालू राहतात. घूं-घूं तेवढ्याने गेली तर दोष एकट्या मफलरचा नाही. ओबीडी पोर्टमध्ये (गाडीचे दोष तपासायला संगणक जोडतात ती खाच) लावायचं, एएफएम बंद ठेवणारं यंत्र मिळतं. त्याने पेट्रोल थोडं जास्त जातं, पण कान वाचतात.

फ्लोमास्टर 1983 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. 40 सीरिज म्हणजे अमेरिकन पिकअपचा ओळखीचा आवाज: जाडसर, खरखरीत, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की भुंकणारा. पेटी जेमतेम 13 इंच लांब, आत कापूस नाही, फक्त पत्र्याचे पडदे आणि कप्पे. त्यामुळे दहा वर्षांनीही आवाज पहिल्या दिवशीचाच राहतो, आणि हा मोठा गुण आहे. पण कप्प्यांचा मफलर ठरावीक आरपीएमला घुमतो, आणि या गाडीत ती जागा नेमकी हायवेच्या वेगावर येते. शहरात चालवायची, सिंगल केबिनची गाडी असेल तर 40 मजेची आहे. क्रू कॅब (चार दारांची, मागे सीट असलेली) असेल आणि मागे मुलं झोपणार असतील तर घेऊ नये. फ्लोमास्टरच हवा असेल तर मोठ्या पेटीची 70 सीरिज बघा. भुंकणं कमी, पण लांबच्या प्रवासाला सुसह्य.

मॅग्नाफ्लोची रचना अगदी वेगळी. इनलेटपासून आउटलेटपर्यंत सरळ, छिद्रांची नळी, तिच्याभोवती स्टीलची जाळी आणि आवाज शोषणारे तंतू. एका तोंडातून आरपार बघा, काही आडवं येत नाही. आवाज गुळगुळीत आणि खोल, पत्र्याचा खडखडाट अजिबात नाही. मात्र तंतू वरच्या पट्टीचा आवाज छान गिळतात, खर्ज फारसा नाही. म्हणून लांबी महत्त्वाची. 5 बाय 8 इंचाच्या अंडाकृती पेटीत 14, 18, 22 इंच अशा लांब्या मिळतात. या गाडीला 22 घ्या. 14 इंची स्वस्त पडतो आणि गाडीखाली सहज बसतो, म्हणून दुकानदार तोच सुचवतात. तो घेऊ नका.

बोर्ला प्रो-एक्सएस त्याच जातीचा, पण 304 स्टेनलेसचा. न्यू जर्सी, मिशिगनसारख्या ठिकाणी बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने पत्रा गंजतो; तिथे फरक पडतो. चुंबक लावून बघा: 409 या साध्या स्टेनलेसला चिकटतो, 304 ला सहसा नाही. पैसे परवडत असतील आणि गाडी दहा वर्षं ठेवायची असेल तर हाच. डायनोमॅक्स सुपर टर्बो कंपनीच्या मफलरपेक्षा जरासा मोकळा, कमी पैशांत. ग्लासपॅक या गाडीला लावूच नये. आतली काचलोकर जळत आणि उडत जाते, आवाज दरवर्षी चढत जातो.

व्हिडिओ बघून ठरवू नका. फोनचा माइक 60 हर्ट्झ नीट पकडत नाही आणि आवाजाची पातळी आपोआप सारखी करतो, त्यामुळे सगळेच मफलर चांगले वाटतात. तोच मफलर लावलेल्या गाडीत बसून, खिडक्या बंद करून, हायवेवर दहा मिनिटं जाऊन यावं.

माप घेताना सगळ्यात जास्त चुका होतात. पाइपचं माप बाहेरच्या व्यासाने सांगतात, मफलरच्या तोंडाचं आतल्या व्यासाने. व्हर्निअर नसेल तर पाइपभोवती दोरा गुंडाळा: 200 मिलिमीटर भरला तर अडीच इंच, 219 ला पावणेतीन, 239 ला तीन. इनलेट आणि आउटलेट वेगवेगळे मोजा, दोन्ही सारखे असतीलच असं नाही. तोंडं मध्यावर की कडेला हेही जुन्या मफलरवरून बघून घ्या. टेप लावून लांबी मोजा आणि त्यात दोन्ही टोकांना पाइप आत सरकायला दोन-दोन इंच धरा.

बसवताना जुन्या फ्लँजच्या (पाइप जोडणाऱ्या चकतीच्या) बोल्टना आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारा. गंजलेला बोल्ट घाई केली की मुंडी तोडून जातो, मग ड्रिल करत बसावं लागतं. मफलर ज्यांवर टांगलेला असतो त्या रबरी हँगरवर साबणाचं पाणी मारा, सहज निघतात. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढाच. यू-बोल्टचा क्लॅम्प वापरू नका. तो पाइप चेपतो आणि पुढच्या वेळी सांधा सुटत नाही. रुंद बँड क्लॅम्प घ्या. सगळं हातानेच अडकवा, इंजिन हलतं म्हणून स्पेअर टायर, फ्रेम आणि बॉडीपासून किमान एक इंच जागा सोडा, मगच आवळा. कप्प्यांच्या मफलरवर इनलेटची बाजू लिहिलेली असते, ती इंजिनाकडेच हवी.

टेलपाइप कापून अ‍ॅक्सलच्या पुढेच सोडून देण्याची एक पद्धत आहे. पैसे वाचतात, पण धूर गाडीखाली साचून केबिनमध्ये येतो आणि घूं-घूं वाढते. कंपनीचा टेलपाइप धूर मागच्या चाकाच्या पलीकडे नेतो, तो तसाच राहू द्या.

एवढं करूनही घुमत असेल तर मफलर बदलू नका, जे-पाइप लावा. मुख्य पाइपला जोडलेला, दुसऱ्या टोकाला बंद असा हा तुकडा. त्याची लांबी लहरीच्या चौथ्या भागाइतकी ठेवली की तेवढाच सूर मरतो. 120 हर्ट्झसाठी, आतला वायू किती गरम आहे त्यानुसार, 32 ते 38 इंच. 60 हर्ट्झला दुप्पट लागतो आणि गाडीखाली तेवढी जागा मिळत नाही. चार सिलिंडरची घूं-घूं घालवायची तर एएफएम बंद करणं हाच व्यवहार्य मार्ग.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) हात लावायचा नाही, तो काढायला अमेरिकेत केंद्रीय कायद्याने मनाई आहे. बदल त्याच्या मागेच. कॅलिफोर्नियाची 95 डेसिबलची मर्यादा 6,000 पौंडांखालच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या (माणसं-मालासकट गाडीचं कमाल मान्य वजन) गाड्यांसाठी आहे. फुल-साइज पिकअप बहुतेक त्यावर असतात, म्हणजे तो आकडा दाखवून पोलिसांशी वाद घालता येणार नाही. आणि इथलं पाहून पुण्यात बुलेटला असलं काही लावू नका, तिथे जप्त केलेले सायलेन्सर पोलीस रोड रोलरखाली घालतात.

पहिल्यांदा गरम होताना दहा-पंधरा मिनिटं पांढरा धूर येईल. ते कारखान्यातलं तेल जळतं आहे, घाबरू नका. थंड इंजिन चालू करून टेलपाइपवर जाड चिंधी क्षणभर धरा आणि दुसऱ्याला सांध्यांवर साबणाचं पाणी मारायला सांगा, बुडबुडे आले तिथे गळती. शंभर मैलांनंतर सगळे बँड क्लॅम्प पुन्हा आवळा. गरम-थंड होऊन ते सैल पडतात, आणि सैल सांध्याची टकटक अनेकदा इंजिनाची टकटक वाटून उगाच धास्ती घालते.