स्टँडवर फिरणारी चाकं बघून १/६ क्रॉलरचे पैसे देऊ नका

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलाने दीड वर्ष पैसे साठवून जुना १/६ स्केलचा रॉक क्रॉलर, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक षष्ठांश मापाची, दगडांवर चढणारी रिमोटची गाडी घेतली. ६२ हजार रुपये दिले. पहिल्याच रविवारी खाणीतल्या दगडांवर दहा मिनिटं चालली आणि बंद पडली. ती गाडी टेबलावर उघडल्यावर जे सापडलं ते इथे लिहितोय, कारण हाच प्रकार मोठ्या स्केलच्या कुठल्याही क्रॉलरमध्ये होऊ शकतो आणि बाहेरून तो अजिबात दिसत नाही.

गाडी नकली नव्हती, हे आधी सांगायला हवं. चासी, ॲक्सल, बॉडी, टायर सगळं ॲक्सियल कंपनीच्या एससीएक्स६ चं, म्हणजे २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १००० डॉलरला आलेल्या, जीप रँग्लरच्या रूपातल्या क्रॉलरचं. कारखान्यातल्या सुताच्या काट्यावर तोलली तर वजनही बरोबर, ११ किलोच्या आसपास भरलं. लोक ‘वजन करून घ्या’ असा सल्ला देतात. इथे त्याचा काही उपयोग नव्हता. विकणाऱ्याने आतला महागडा माल, म्हणजे मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर), सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) आणि रिमोट काढून घेतला, त्या जागी स्वस्त सामान बसवलं आणि गाडी ‘ओरिजिनल, रेडी टू रन’ म्हणून विकली. आतलं काढून घेतलेल्या अशा गाडीला रोलर म्हणतात. रोलर विकण्यात गैर काही नाही, किंमत रोलरची घ्यावी एवढंच. या मुलाने पूर्ण गाडीचे पैसे देऊन रोलर घेतला.

सौदा झाला तो संध्याकाळी, एसटी स्टँडच्या बाहेर. त्याआधी आलेल्या व्हिडिओत गाडी स्टँडवर ठेवलेली, चारही चाकं हवेत जोरात फिरताना, स्टिअरिंग डावी-उजवी होताना. प्रत्यक्षात फुटपाथवर पाच मिनिटं पुढे-मागे चालवून दाखवली. मुलगा म्हणाला, “अण्णा, त्या कट्ट्यावर चढवून बघू.” उत्तर आलं, “बॅटरी उतरलीय रे भावा, उगाच सेल खराब होतील.” कारण ऐकायला पटण्यासारखं होतं, लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) खरंच फार खाली उतरवू नये. १५ हजार आधीच यूपीआयने गेले होते, उरलेले ४७ हजार रोख. पावती नाही.

आता आत काय होतं ते. बॉडी काढल्यावर पहिली नजर मोटरच्या वायरींवर गेली आणि तिथेच सगळं कळलं. जाहिरातीत ‘सेन्सर्ड ब्रशलेस’ लिहिलेलं. ब्रशलेस मोटरला तीन जाड वायरी असतात, आणि सेन्सर्ड असेल तर एक पातळ केबल वेगळी येते. इथे दोनच वायरी, लाल आणि काळी. म्हणजे साधी ५५० साइजची ब्रश्ड मोटर, जी १/१० च्या तीन-साडेतीन किलोच्या गाडीत चालते. ईएससीवर १५० अँपिअरचा चकचकीत स्टिकर. त्याचा एक कोपरा नखाने उचलला तर खाली दुसरा छापील मजकूर निघाला: ब्रश्ड, ६० ए, बीईसी ६ व्ही ३ ए. बॉडीचे स्क्रू काढायला दोन मिनिटं लागतात. विकणारा ‘काढू नका, क्लिप तुटतील’ म्हणाला, की तिथूनच परत फिरा.

हे बीईसीचं नीट समजून घ्या, कारण गाडी बंद पडली ती याच्यामुळे. बीईसी म्हणजे ईएससीमधला तो भाग, जो बॅटरीचा व्होल्टेज उतरवून रिसीव्हर आणि सर्व्होला देतो. मोठ्या क्रॉलरचा सर्व्हो दगडात अडकला की एकटाच ५ ते ८ अँपिअर ओढू शकतो. ३ अँपिअरचा बीईसी तिथे दम सोडतो, व्होल्टेज कोसळतो, रिसीव्हर बंद होऊन परत चालू होतो. चालवणाऱ्याला वाटतं रेंज गेली किंवा रिमोट बिघडला. हवेत चाक फिरवताना सर्व्होवर काहीच लोड नसतो, म्हणून व्हिडिओत सगळं सुरळीत दिसतं. तपासायचं असेल तर गाडी खडबडीत सिमेंटवर उभी ठेवा, एका जागी स्टिअरिंग पूर्ण डावी-उजवी दहा वेळा मारा, मग एक पुढचं चाक पायाने अडवून दोन सेकंद वळवा. रिसीव्हरचा दिवा लुकलुकला की समजा.

सर्व्होवर ‘६० किलो’ लिहिलेलं होतं. तो आकडा किलो-सेंटिमीटरचा असतो: शाफ्टच्या मध्यापासून १ सेंमीवर ६० किलो. २.५ सेंमीच्या हॉर्नवर, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या दांड्यावर, तो २४ किलो झाला. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुक असलेला डिजिटल काटा मिळतो, तो हॉर्नला लावून ओढला तर ७ किलोवर सर्व्हो थांबला. म्हणजे साडेसतरा. लेबलवरचा आकडा बहुधा जास्त व्होल्टेजचा असतो, ६ व्होल्टवर तो कमी भरणारच, पण ६० चे १७ होत नाहीत. उघडल्यावर शेवटचं गिअर धातूचं आणि आतली दोन प्लॅस्टिकची निघाली.

पुढच्या ॲक्सलमधून येणारा ‘कट-कट’ आवाज वेगळा होता. डिफचं (डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरांच्या डब्याचं) झाकण काढलं तर ग्रीस काळं झालेलं आणि त्यात चांदीच्या कणांसारखी चमक. बोटांत चोळलं तर खरखर लागते. तो रिंग गिअरच्या दातांचा चुरा. तीन दात अर्धे उडालेले. हे आधीच्या वापरातलं, नव्या मालकाच्या दहा मिनिटांतलं नाही. हे ओळखायला झाकण उघडायचीही गरज नाही. गाडी बंद करा, पुढचा ॲक्सल उचला, एका हाताने ड्राइव्हशाफ्ट घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने एक चाक दोन्ही दिशांना पिळा. थोडं ढिलं चालतं, पण दात सटकला तर हाताला झटका जाणवतो. एक चाक फिरवल्यावर दुसरं उलट दिशेला फिरलं, तर डिफ लॉक नाही, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधलेली नाहीत, हेही त्याच वेळी कळतं.

बॅटरी सगळ्यात धोकादायक निघाली. वरचं प्लॅस्टिक नवं, त्यावर ‘३एस ६०००’ (तीन सेल, ६००० एमएएच), पण आडव्या पट्टीवर ठेवली तर पोट फुगलेलं. चार्जरवर तीन सेलचा अंतर्गत रोध १८, २२ आणि ४१ मिलिओहम. एवढ्या क्षमतेच्या चांगल्या पॅकमध्ये हा आकडा एक अंकी असतो आणि तिन्ही सेल जवळजवळ सारखे असतात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत असा पॅक चार्जला लावणं म्हणजे घराला आग लावण्याची तयारी. फुगलेली लायपो फुकट मिळाली तरी गाडीसोबत घेऊ नका. चार्जिंग १सी ने, म्हणजे ६००० एमएएचला ६ अँपिअर. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर थांबला पाहिजे, आणि ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास.

रिमोटही मूळचा नव्हता. त्यामुळे फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेला की गाडी आपोआप थांबवणारी सोय, नीट चालत नव्हती: चाकं हवेत ठेवून थ्रॉटल दाबलेला असताना रिमोट बंद केला, तरी मोटर फिरत राहिली. ११ किलोची गाडी, कंबर तलावाच्या कडेला संध्याकाळी लहान मुलं खेळत असताना अशी सुटली तर काय होईल, याचा विचार करा. ही तपासणी कधीही सोडू नका.

दुरुस्तीचा हिशेब जवळपास ४० हजारांवर गेला. मोटर-ईएससी जोडी सगळ्यात महाग, मग सर्व्हो, मग बॅटरी.

याच धंद्यातला दुसरा प्रकार थोडक्यात: ‘सीलपॅक नवी गाडी, निम्म्या किमतीत, फक्त कस्टम ड्यूटी आधी भरा’. खेळण्यांवरचा मूळ आयात शुल्काचा दर २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाला आणि २०२३ मध्ये ७० टक्के. परदेशातून आणलेली नवी गाडी मूळ किमतीच्या निम्म्यात कुणालाच परवडत नाही. कस्टमचे पैसे कुणाच्या खासगी यूपीआय आयडीवर जात नाहीत.

मुलाने तक्रार नऊ दिवसांनी केली. लाजेपोटी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ते दिवस फार महागात पडले. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० ला फोन करा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर नोंद करा. पैसे पुढे वळवले जाण्याआधीच खातं गोठवता येतं. रोख रकमेला ती सोय नाही. तिथे कामाला येतं ते लेखी. ‘ब्रशलेस’, ‘ओरिजिनल सर्व्हो’ हे शब्द समोरच्याने मेसेजमध्ये स्वतः लिहिलेले असतील, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीखाली, तक्रार मांडायला आधार मिळतो. म्हणून फोनवर बोलणं झालं तरी नंतर मेसेज टाका: “मोटर ब्रशलेस, ईएससी आणि सर्व्हो कंपनीचेच, बरोबर ना?” उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.

भेटीला जाताना स्वतःची पूर्ण चार्ज केलेली ३एस बॅटरी न्या. कनेक्टर आयसी५ आहे की एक्सटी६० हे आधी विचारा, लागला तर अडॅप्टर खिशात ठेवा, सोबत एलन की आणि बॅगेचा काटा. जागा अशी निवडा जिथे चाकाच्या निम्म्या उंचीची, म्हणजे ९ सेंमीची कड असेल. ती कड गाडी अगदी सावकाश, न थबकता, स्टिअरिंग वळवलेल्या अवस्थेत पाच वेळा चढली आणि नंतर मोटरवर बोट टेकवता आलं, तर मग पैशाचं बोला.