टायर सांभाळायला दिले, म्हातारे होऊन परत आले

आमच्या थारला चाकांचे दोन सेट आहेत. पावसाळ्यात ताम्हिणी, वेल्हे, मुळशीच्या मागच्या चिखलवाटांसाठी मड टेरेन, आणि दसऱ्यानंतर शहरात फिरायला गाडीबरोबर आलेले मूळचे. बायकोच्या मते हा शौक आहे, माझ्या मते गरज. तो वाद इथे नको.

खरी अडचण जागेची. कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट. पार्किंगमध्ये एका कोपऱ्यात चाकं रचून ठेवली, तर आठ दिवसांत सूचना लागली: ‘पार्किंगमध्ये वाहनाव्यतिरिक्त काहीही ठेवू नये. हुकुमावरून.’ त्यात २५५/६५ आर १८ मापाचं चाक रिमसकट उचलून जिन्याने वर न्यायचं म्हणजे कंबरेची परीक्षा.

ज्या दुकानात अलाइनमेंटला जायचो तिथला मालक म्हणाला, “आपल्याकडे ठेवा ना साहेब, पोटमाळा रिकामाच आहे.” महिना सहाशे रुपये. ऑक्टोबर २०२४ मध्ये मड टेरेनचे चारही टायर रिमसकट देऊन आलो. पावतीवर लिहिलं होतं: ‘टायर रिमसह, ४ नग, वापरलेले.’ मी ती पाकिटात घातली. दुकानावर भली मोठी पाटी होती, ‘टायर बदलून मिळतील’. म्हणजे सांगितलं नव्हतं असंही म्हणता येत नाही.

जून २०२५ मध्ये चाकं चढवून घेतली. काळीभोर, चकचकीत! वरून पॉलिश मारलेलं, तेही फुकट. मी खूश होऊन पोराच्या हातावर शंभर रुपये ठेवले.

पहिल्याच पावसात ताम्हिणीच्या एका वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी हातभर घसरली. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल असतं, असं म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या रविवारी पौडच्या अलीकडे पंक्चर. तिथल्या माणसाने चाक काढलं, आडवं टाकलं, हवा सोडली आणि म्हणाला, “दादा, टायर अठरा सालचे आहेत. पडून होते का?”

“नाही हो, तेवीसमध्ये घेतलेत.”

“मग हे काय?” त्याने काळं नख एका लंबगोल चौकटीवर टेकवलं. ३६१८. मग अंगठ्याने टायरची कड दाबून दाखवली. ग्रिपच्या ठोकळ्यांच्या मुळाशी केसासारख्या भेगा उघडल्या. पॉलिश कशासाठी होतं ते तेव्हा कळलं.

तो चार आकड्यांचा हिशोब असा: पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ३६१८ म्हणजे २०१८ चा छत्तिसावा आठवडा. रबर न वापरताही कडक होत जातं, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर ग्रिप कितीही शिल्लक असली तरी काढा, असं बऱ्याच कंपन्या सांगतात. टायर गोटा झाला तर आपल्या डोळ्यांना दिसतं, म्हातारा झालेला दिसत नाही. शिवाय तारखेचा पूर्ण आकडा बहुतेक टायरवर एकाच बाजूला असतो. माझ्या गाडीवर चारही टायर आकडे आतल्या बाजूला येतील असे बसवलेले होते. चाक उतरवल्याशिवाय दिसायचे नाहीत.

रिम माझेच होते. डाव्या पुढच्या रिमवरचा ओरखडा मी झोपेतही ओळखेन. रबर तेवढं बदललं होतं: तीच कंपनी, तोच नमुना, ग्रिपही जवळपास तेवढीच. माझे दोनच पावसाळे चाललेले टायर ‘नव्यासारखे’ म्हणून कुठेतरी विकले गेले असणार. जुन्या टायरना गिऱ्हाईक असतं.

दुकानात गेलो. मालक शांत. “साहेब, तुमचेच आहेत. पावतीवर काय आहे? चार नग. मोजून घ्या.”

सोसायटीत ग्राहक पंचायतीचं काम केलेले एक काका आहेत, त्यांना पावती दाखवली. ते म्हणाले, “कायदा तुमच्या बाजूने आहे हो. सांभाळायला दिलेली वस्तू तीच परत मिळाली पाहिजे, १८७२ च्या करार कायद्यापासून हेच आहे. लबाडीने विकली असेल तर भारतीय न्याय संहितेचं ३१६ कलमही आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, ग्राहक आयोगात जा. पण मला आधी सांगा, तुमचा टायर तो तुमचा कशावरून?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरेदीच्या बिलावर फक्त माप आणि रक्कम. फोनमध्ये रात्रभर शोधून एक फोटो सापडला: चाकं नेण्याच्या दिवशी रचलेल्या ढिगाला टेकून उभी असलेली मुलगी. सगळ्यात वरचं चाक नशिबाने पालथं होतं. झूम केल्यावर तिच्या कोपराशेजारी २२२३ वाचता येत होतं.

तो फोटो दाखवल्यावर आणि काकांनी लिहून दिलेली नोटीस टेबलावर ठेवल्यावर मालकाचा आवाज बदलला. बरीच घासाघीस होऊन एका टायरचे नऊ हजार मिळाले. उरलेल्या तिघांचा पुरावा नव्हता, आणि मलाही रोज सुट्टी काढून भांडणं परवडणारं नव्हतं. चूक केली असेन. काकांचं मत तेच आहे.

त्या दिवशी पोटमाळाही पाहून घेतला. खाली वेल्डिंग आणि कॉम्प्रेसरची मोटर, वर पत्रा तापलेला. वेल्डिंग आणि मोटर यांतून निघणारा ओझोन वायू रबराला भेगा पाडतो. म्हणजे अदलाबदल झाली नसती तरी माझे टायर तिथे धड राहिले नसते. टायर थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी हवेत. रिमसकट असतील तर आडवे रचून, नुसते असतील तर उभे.

कुणाला ठेवायला द्यायचेच असतील तर चारही टायरचे आकडे पावतीवर मालकाच्या हाताने लिहून घ्या, दोन्ही बाजूंचे फोटो त्याच्यासमोर काढून त्यालाच व्हॉट्सॲप करा. परत घेताना चढवण्याआधी आकडे जुळवा. तो हसेल, हसू द्या.

आमचा नवा सेट आता मुलीच्या खोलीत चादरीखाली आहे. तिने त्यावर पुस्तकं ठेवली आहेत. दसऱ्याला त्या दुकानातून मेसेज आला: ‘पावसाळा संपला! टायर निर्धास्त ठेवा आमच्याकडे. सणानिमित्त पॉलिश फ्री.’